चारला निघाले, सहाला पोचले

बेळगाव ते मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. रात्री बसमध्ये बसलं की सकाळी दादर, हे गणित आमच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून लेकीच्या बाळंतपणासाठी २०१७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोला निघताना मी जावयांना फोनवर सरळ विचारलं, "दिल्लीहून पुढे किती लांब हो?"

ते म्हणाले, "आई, कुठल्या बाजूने?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण तसं नव्हतं. एअर इंडियाची ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान पश्चिमेकडे, युरोप आणि अटलांटिकवरून जाई. अंतर साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रथमच उलट्या दिशेने गेलं. बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान आणि मग सगळा पॅसिफिक. अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. तरी साडेचौदा तासांत, पहिल्या वाटेपेक्षा दोनेक तास आधी पोचलं!

ही करामत वाऱ्याची. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला तो वारा छातीवर घ्यावा लागतो, पूर्वेला जाणाऱ्याला तो पाठीमागून ढकलतो. ज्यांनी शाळेत सायकल मारली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. परत येतानाही वारा पाठीशी हवा, म्हणून अटलांटिकवरून यायचं. म्हणजे जाऊन-येऊन चक्क पृथ्वीप्रदक्षिणा! त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एअर इंडियाच्या महिलांनीच, वैमानिकापासून सगळ्यांनी, ही फेरी पूर्ण केली होती. पुढे १५ ऑगस्ट २०१९ ला तर दिल्लीचं विमान उत्तर ध्रुवावरूनही सॅन फ्रान्सिस्कोला गेलं.

माझं विमान पहाटे चारला सुटलं. सामानात अळीव, डिंकाचे लाडू आणि धुऊन मऊ केलेली जुनी लुगडी. दिवस भरायला अजून दहा दिवस होते, त्यामुळे मी निवांत. समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान. जपान मागे पडल्यावर नुसता निळा रंग, तासन् तास. शेजारची पंजाबी आजी जपमाळ ओढत होती. मधेच कुठेतरी वाररेषा ओलांडली आणि तारीख एक दिवस मागे आली. उतरले तेव्हा तिथे सकाळचे सहा, तारीख तीच! घड्याळाच्या हिशेबाने प्रवास दोन तासांचा.

फोन सुरू केला, तर जावयांचे सहा निरोप. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. मी त्या निळ्या पाण्यावर होते तेव्हापासून. पश्चिमेच्या वाटेने आले असते तर अजून हवेतच असते. जावई इस्पितळात, म्हणून त्यांचा मित्र न्यायला आला होता. साडेआठला मी तिच्या उशाशी होते. तिने माझा हात जो धरला तो रात्रीपर्यंत सोडला नाही. अकरा चाळीसला नात झाली.

बेळगावला फोन लावला. तिथे दुसऱ्या दिवशीची दुपार, बारा वाजून दहा मिनिटं झालेली. आमचे हे पंचांग घेऊनच बसले होते. वाढदिवस कुठल्या तारखेचा धरायचा यावर त्यांची नि जावयांची अर्धा तास चर्चा झाली. शेवटी गुरुजींनी निकाल दिला : जन्म तिथला, वेळही तिथलीच. यांनी मात्र आपल्या वहीत दोन्ही तारखा लिहून ठेवल्या आहेत.