डोक्याचं शटडाऊन
लॅपटॉप सहाला बंद व्हायचा, डोकं नाही. क्लायंटचा मेल, अर्धवट एक्सेल शीट, सगळं हिंजवडीहून बसमधून माझ्याबरोबर घरी. एकदा जेवताना आई म्हणाली, ''आलीस का गं घरी?'' चर्रर्र झालं.

अर्धवट काम जास्त लक्षात राहतं, असं ब्ल्युमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच लिहून ठेवलंय! पण ते कधी, कसं करायचं एवढं ठरवलं तरी टोचणी कमी होते, हे २०११च्या एका संशोधनात दिसलं.

म्हणून आता पावणेसहाला डायरी काढते. उरलेली कामं, प्रत्येकापुढे उद्याची वेळ. बॉस नेमका तेव्हाच ''एक मिनिट येतेस?'' म्हणतो. तेही डायरीत, 'उद्या साडेनऊ'. तो जरा खट्टू असतो हल्ली. असू दे. काल आईने शेजारच्या काकूंच्या पार्किंगच्या भांडणाची अख्खी स्टोरी सांगितली. आणि मला ती अजून आठवतेय!