स्टेशनापासून राजेश्वरापर्यंत

अकोल्यात पाहण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यानं विचारलं की अकोलेकर बहुधा गावाबाहेर बोट दाखवतो. नरनाळा, बाळापूरची छत्री, पातूरची लेणी, नाहीतर सरळ शेगाव. शहराचा विषय निघालाच तर राजराजेश्वराचं मंदिर आणि असदगड ही दोन नावं येतात आणि ‘अर्ध्या तासात होऊन जातं’ अशी पुस्तीही जोडली जाते. मला हे पटत नाही. जुनं शहर पायी फिरल्यावर माझं मत असं झालं आहे की, अकोल्याला एक पूर्ण दिवस द्यायला हवा आणि तो चालतच घालवायला हवा. गाडीतून उतरून दोन ठिकाणं पाहिली की दोन ठिकाणंच पाहून होतात. या शहराचा इतिहास त्या ठिकाणांपेक्षा त्यांच्यामधल्या अंतरात जास्त आहे. कोणती वस्ती नदीच्या कुठल्या काठाला आहे, वेशीतून निघालेला रस्ता कुठे जातो, स्टेशन गावापासून किती लांब पडलं, हे सगळं चालणाऱ्याला न सांगता कळतं.

सुरुवात स्टेशनापासूनच करावी. मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि अकोला या मार्गावर आलं. त्याआधी १८५३ साली निजामानं आपल्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या पऱ्हाटीला एकाएकी जगाचा भाव आला. या तीन घटनांनी शहराचं तोंड फिरवलं. मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर जुनं गाव, पूर्व काठावर ताजनापेठ, सरकारी कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले अशी मांडणी इंग्रजी आमदानीत पक्की झाली. म्हणून स्टेशनाकडून टिळक रोड, गांधी रोड करत नदीकडे निघालं की आपण काळात मागे मागे जात असतो. आधी रेल्वे आणि कापसाचं शहर, मग बाजारपेठ, मग नदी, आणि पूल ओलांडला की एकदम रुंदी आवळलेले, वळणं घेणारे रस्ते. हे संपूर्ण अंतर तासाभराच्या चालीचंही नाही, पण उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला यातली एकही पायरी जाणवत नाही. विदर्भ आणि महाराष्ट्राच्या नेत्यांनी १९४७ च्या ऑगस्टमध्ये जो करार केला, तो अकोल्यात केला. मुंबई आणि नागपूर यांच्या वाटेवरचं ठिकाण म्हणून या गावाला आलेलं महत्त्व त्यात दिसतं, असं मला वाटतं.

नदीपलीकडे असदगडाशी थांबायचं ते मात्र निवांतपणे. या किल्ल्यावर कोरीवकामाची हौस कुठेही केलेली नाही, आणि म्हणूनच लोक तो पाच मिनिटांत पाहून निघतात. खरी गंमत त्याच्या शिलालेखांत आहे. दहीहंडा वेशीवरचा लेख हिजरी १११४ हे वर्ष देतो आणि औरंगजेबाच्या कारकिर्दीत नवाब असदखानाच्या काळात बांधकाम झाल्याचं सांगतो. फत्ते बुरुजावरच्या लेखात जवळपास तोच काळ येतो, पण बादशहाचं नाव मात्र शाहआलम. ईदगाहवरचा लेख ख्वाजा अब्दुल लतीफनं हिजरी १११६ मध्ये काम पुरं केल्याचं नोंदवतो. आणि अगरवेशीवरचा मराठी लेख म्हणतो की १८४३ साली गोविंद आप्पाजींनी किल्ला बांधला! पुस्तकांत असदगडासमोर १६९७ हे साल सर्रास छापलेलं असतं, पण हिजरी १११४ चा हिशेब मांडला तर ते १७०२-०३ निघतं. शाहआलम तख्तावर आला तो १७०७ मध्ये, म्हणजे त्या बुरुजाचा लेख एकतर नंतर लावला गेला किंवा त्याचं वाचन तरी पुन्हा तपासायला हवं. १८४३ मध्ये वऱ्हाड निजामाकडेच होतं. पडझड झालेली तटबंदी तेव्हा कुणी डागडुजीला काढली असेल, तर दुरुस्ती करणाऱ्यानं स्वतःला बांधणारा म्हणवून घेणं आपल्याकडे नवं नाही. इथे पहिला कोट घालणाऱ्या अकोलसिंगाची दंतकथा आणखी वेगळी. सशानं कुत्र्याचा पाठलाग केलेला पाहून त्यानं इथे मातीचा कोट घातला, असं सांगतात. हीच कथा अहमदाबादचीही सांगतात, तेव्हा इतिहास म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. पण चिरेबंदीच्या आधी इथे मातीची गढी होती, एवढी आठवण तिच्यात राहिली असावी. एका वेशीकडून दुसरीकडे चालत गेलं तरच हे लेख एकमेकांशी कसे भांडतात ते ध्यानात येतं. वेशींची नावं कशी पडली, तेही पायांना कळतं. दहीहंडा आणि आगर ही अकोला तालुक्यातलीच गावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तट राहिलाच कुठे? इंग्रजांनी १८७० च्या सुमारास किल्ला बराचसा पाडला, मधल्या हवाखान्यात १९१० च्या गॅझेटिअरच्या वेळी शाळा भरत होती, मग पाहायचं तरी काय? ज्यांनी आयर्लंड पाहिलं आहे ते तर डेरीचं उदाहरण देतात. १६१३ ते १६१९ मध्ये बांधलेला तिथला तट सगळाच्या सगळा उभा आहे आणि त्याच्या माथ्यावरून शहराला प्रदक्षिणा घालता येते. तसं अकोल्यात नाही, हे खरंच आहे. पण त्याच बेटावरच्या डब्लिनचं काय? तिथलाही मध्ययुगीन तट जवळजवळ नाहीसा झाला, जुन्या दरवाजांपैकी सेंट ऑडोएनचा एकच उरला. तरी लोक नकाशा हातात घेऊन तट कुठून कुठे जात होता ते शोधत दिवसभर चालतात. शहर ऐतिहासिक ठरायला भिंत अखंड असावी लागते, हा समज डब्लिननं खोटा ठरवला आहे. आणि डब्लिनचा अकोल्याशी एक जुना, कडू संबंधही आहे. १७६९ मध्ये डब्लिनमध्ये जन्मलेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०३ मध्ये अकोल्यात तळ देऊन पुढे गेला. २९ नोव्हेंबरला त्यानं अडगावला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये त्याच्या नावाचा प्रचंड स्तंभ आहे आणि त्याच्या पायथ्याच्या एका ब्राँझ फलकावर हिंदुस्थानातल्या लढाया कोरलेल्या आहेत. जिंकणाऱ्याच्या गावी त्या मोहिमेचा फलक रोज हजारो लोकांच्या नजरेखालून जातो. ज्या वऱ्हाडात ती मोहीम संपली, तिथे अडगावचं नाव पाठ्यपुस्तकाबाहेर निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप घाणीचा. मोर्णेच्या काठानं चालायचं म्हणजे नाकाला रुमाल लावायचा, असं लोक म्हणतात आणि ते चूक नाही. पण २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर जलकुंभी काढायला या नदीत उतरले होते आणि त्या कामाची दखल देशभर घेतली गेली. वासाला कंटाळलेल्या गावानं नदीकडे पाठ फिरवली होती असं म्हणावं, तर ते लोक आले कुठून? उलट माझा अंदाज असा की, नदीकाठानं चालणारे वाढले तर तिची हेळसांड लपून राहणार नाही. गाडीच्या काचेआडून जी घाण दिसत नाही, ती साफ करा म्हणून कुणी अर्जही देत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे. वऱ्हाडी माणसाला अशी भटकंती मानवत नाही, चालत शहर पाहणं ही परक्यांची चाल. याला उत्तर श्रावणात मिळतं. शेवटच्या सोमवारी राजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा जलाभिषेक होतो. तरणी पोरं रविवारी गांधीग्रामला जातात, नदीतून कावडीच्या घागरी भरतात आणि रात्रभर अनवाणी चालत जुन्या शहरात येतात. ही प्रथा १९४४ पासून चालत आल्याचं सांगतात. मोठ्या कावडी म्हणजे बांबूंचे लांबलचक सांगाडेच असतात. त्यांवर दोरखंडानं आवळून ओळीनं घागरी बांधलेल्या, खाली दोन्ही अंगांना खांदेकरी. पुढचा थांबला की मागच्यालाही थांबावंच लागतं, आणि ‘हर्र बोला महादेव’च्या तालावर खांदा बदलला जातो. अकोट रस्त्यावरून शहरात शिरून पूल, पेठा आणि वेशी ओलांडत मंदिरापर्यंतची ही वाट हजारो लोकांना पायांनी पाठ आहे. ही भक्ती आहे, पर्यटन नव्हे, असं म्हणून हा मुद्दा निकालात काढता येईल, पण तो तसा निघत नाही. चालणाऱ्याचा हेतू काहीही असो, कुठे चढ आहे, कुठे रस्ता अरुंद होतो, कुठल्या वळणावर मंदिराचा कळस दिसतो, हे त्याला कळतंच. ज्या गावात इतकी माणसं दरवर्षी हे अंतर चालून पार करतात, त्या गावाला चालणं परकं आहे असं म्हणायला मी तयार नाही. हीच वाट उरलेल्या वर्षात शाळेच्या पोरांना घेऊन, इतिहासाच्या शिक्षकानं दिवसाढवळ्या चालावी, एवढंच माझं मागणं आहे.

उन्हाचं कारण मात्र मी खरं मानतो. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा या रस्त्यांवर दुपारी पाऊल टाकू नये. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस धरावेत. सकाळी उजाडताच स्टेशनावरून निघावं, ऊन चढायच्या आत पूल ओलांडून राजेश्वराचं दर्शन घ्यावं, दुपार जुन्या शहरातच सावलीला काढावी. किल्ला आणि वेशी चारनंतर पाहाव्यात. तिरपं ऊन पडलं की शिलालेखांची अक्षरं उठून दिसतात, आणि हिजरी १११४ चं वाचन पुन्हा करायचं असेल तर त्याला तीच वेळ सोयीची.