पासोडी आणि पासबुक

मी बी. कॉम. झालेला माणूस. जगाला दोनच बाजू असतात, जमा आणि नावे, एवढंच माझं तत्त्वज्ञान. पण राहतो अंबाजोगाईत! मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावात. सोळाव्या शतकात जन्मलेल्या या दासोपंतांनी चाळीसएक फूट लांब कापडावर ‘पासोडी’ लिहून काढली. अशा गावात बँकेच्या कारकुनालाही अधूनमधून साहित्याची हुक्की येते.

त्याच हुक्कीत मराठीच्या एका निवृत्त सरांचं व्याख्यान ऐकलं. सर म्हणाले, वाचताना तीन गोष्टी बघा. माणसं कोणत्या जातकुळीची, बोलण्याचा सूर कोणता आणि या सगळ्यातून सांगायचंय काय. उदाहरण दिलं ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या अंतू बर्व्याचं. पुलंनी 1962 सालच्या या पुस्तकात त्याच्या तिरकस बोलण्याखाली केवढा एकटेपणा दडवलाय, हे सांगताना सरांचा गळा दाटला. माझेही डोळे पाणावले. बायकोने विचारलं, “सर्दी झाली का?”

दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरवरच समीक्षा सुरू केली. कर्ज मागणारा तो नायक. जामीनदार ही शोकांतिका. अर्जाखाली ‘आपला नम्र’ असेल, तर सूर हमखास भांडणाचा! आणि दर सोमवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन येणारी एक मावशी, ती ‘कटकटी ग्राहक’ या जातीतली. पोरगा चाकणला कंपनीत. हिचा प्रश्न एकच, “सायेब, पैशे पडले का?” पडले तरी काढायची नाही. नुसतं पासबुक भरून घ्यायची. पैशाचा लोभ, दुसरं काय! मी विषय लिहून मोकळा.

एका सोमवारी प्रिंटर बंद होता आणि माझं डोकं चालू. मी म्हटलं, “मावशी, पोरगा फोन करत नाही का? त्यालाच विचारा की!”

“करतंय की, रोज करतंय. ‘बरंय आई’ म्हणतंय. काम सुटलं तवाबी बरंय म्हणलं. मशिनीत बोट चेपलं तवाबी बरंयच म्हणलं. पैशे पडले की मग मला कळतं, लेकरू कामावर हाय.”

तिला अक्षर वाचता येत नाही. मी मात्र सरांपुढे वहीत टिपणं घेऊन आलो होतो.

मी कॉम्प्युटरवर खातं उघडून पाहिलं. या महिन्याची रक्कम आली नव्हती. मागच्या महिन्याचीही नव्हती.

“अजून नाही पडले, मावशी. एखादवेळी सुट्ट्यांमुळे उशीर होतो.” सुट्ट्या कसल्या, महिनाभरात एक सण नव्हता!

मावशीने माझ्याकडे नीट पाहिलं. पासबुक पुन्हा पिशवीत गुंडाळलं आणि म्हणाली, “बरंय.”

पुढच्या ग्राहकाला मी जरा उशिराच हाक मारली.