पाळीखाली कोण झोपतं

आमच्या तलावाची पाळ कोणा सरकारी माणसाने येऊन तपासावी, या कल्पनेला माझा कित्येक वर्षं विरोध होता, आणि तो मी पारावर बोलूनही दाखवायचो. जमीन आमची, पाळ आजोबांनी घातलेली, पाणी आमच्या वावराचं. मग विचारणारे हे कोण? 2021 साली धरण सुरक्षा कायदा आला तेव्हा मी खूशच झालो, कारण तो आमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. 15 मीटरहून उंच धरणं त्यात सरसकट येतात. 10 ते 15 मीटरमधल्यांना लांबी निदान 500 मीटर हवी, किंवा साठा 10 लाख घनमीटर, किंवा अशीच एखादी अट. आमची पाळ जेमतेम दोन पुरुष उंच. आमच्या इंझोरी गावात धरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अडाण प्रकल्प येतो. नाल्यावरच्या आमच्यासारख्या मातीच्या पाळीचं नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. हे मला स्वातंत्र्य वाटायचं.

माझा हुकमी मुद्दा एकच होता: पाळीखाली घर नाही. फुटली तर सोयाबीन जाईल, तूर जाईल, नुकसानभरपाईचं आम्ही आपसात पाहून घेऊ. हा मुद्दा दिवसा खरा होता. पण आमच्या भागात रोही आणि रानडुकरं उभं पीक राहू देत नाहीत. पावसाळ्यात रात्री माणसं वावरात जागलीला जातात. मचाणावर, ताडपत्रीच्या खोपटात, कधी पोरगं सोबत घेऊन. नाल्याकाठचं वावर डुकरांचं आवडतं, म्हणून जागलही तिथेच. म्हणजे तलाव तुडुंब असतो त्याच महिन्यांत, अंधारात, पाळीखाली माणसं असतात. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. रात्री बॅटऱ्या चमकताना मीच पाहायचो. फक्त ‘वस्ती’ मोजताना त्यांना धरत नव्हतो.

मत हललं ते अमेरिकेतल्या एका छोट्या धरणाची हकीकत वाचून. जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स इथे एका बायबल कॉलेजच्या मालकीचं केली बार्न्स नावाचं मातीचं धरण होतं. खासगी, बारा-तेरा मीटर उंच, लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास. 6 नोव्हेंबर 1977 च्या मध्यरात्रीनंतर, पावसाच्या झडीत, ते फुटलं आणि खाली झोपलेली 39 माणसं गेली. नंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातल्या, केंद्र सरकारच्या मालकीच्या नसलेल्या अशा धोकादायक धरणांची तपासणी सुरू करायला लावली. मी त्या धरणाची मापं आपल्या कायद्याला लावून पाहिली. लांबी कमी, साठाही 10 लाख घनमीटरच्या आत. निव्वळ मापावर बोलायचं तर 39 माणसं नेणारं ते धरण आपल्याकडे बिनमोजणीचंच राहिलं असतं.

आपल्याकडचं तिवरे धरण तर सरकारीच होतं. चिपळूण तालुक्यात 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं, भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसं दगावली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं, त्यावर राज्यभर हसू झालं. मीही हसलो. पण प्राण्याची बिळं मातीच्या भरावाला घातक असतात, हे शास्त्र म्हणून खोटं नाही. चीड याची यायला हवी की बिळं बुजवणं हे कोणाचं तरी काम असतं. आमच्या पाळीत खेकडे कमी, घुशी आणि सायाळ जास्त. ते काम कोणाचं, याचं उत्तर मला घराबाहेर शोधावं लागत नाही.

मग पाळीकडे नव्याने पाहू लागलो. माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी वरच्या थरातून त्याच भेगांनी वाट काढतं. जाणकार भरावाच्या पोटात काळी माती आणि अंगावर मुरूम घालतात तो यासाठी. आमच्या आजोबांनी हाताशी होती तीच माती सगळीकडे घातली. पाळीवर बाभळी आणि कडुनिंब. झाडं माती धरून ठेवतात असं सगळे म्हणतात, आणि धुऱ्यावर ते खरंही आहे. पाळीत मात्र झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला तयार नळ्या मिळतात. नुसतं तोडूनही भागत नाही. पाणी उतरल्यावर मुळं खणून काढायची, खड्डा थराथराने ठोकत भरायचा. आई अजून त्या निंबाला हात लावू देत नाही.

पायथ्याच्या ओलीबद्दलही माझी समजूत पालटली. पूर्वी ओल दिसली की लाज वाटायची, मी मुरूम टाकून ती झाकायचो. मातीची पाळ थोडी झिरपणारच. पाहायचं ते हे की पाणी निवळ आहे की गढूळ, आणि धार वाढते आहे का. गढूळ म्हणजे पोटातली माती निघाली. शेजारच्या वावरातला म्हातारा हे एका वाक्यात सांगतो: “गढूळ दिसलं का पाह्यत नको बसू, बोंब मार.” पानशेतचा भराव खचू लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, 12 जुलै 1961 ला धरण फुटलं ते सकाळी, आणि त्या मिळालेल्या तासांनी पुण्यातले किती जीव वाचवले असतील. जागलीवाल्यांना तेवढे तास मिळायचे तर आधी त्यांना माहीत असायला हवं की बोंब कोण मारणार.

सरकारी शिक्क्याबद्दलची माझी अढी मात्र गेलेली नाही. शिक्का मिळाला की मालक पाळीवर जायचा बंद होतो, अशी मला भीती वाटते. मला हवी आहे ती ग्रामपंचायतीत एक वही: गावातल्या प्रत्येक खासगी पाळीचं नाव, सांड म्हणजे जादा पाणी जायची वाट कुठे, खाली रात्री कोण असतं, फोन कोणाला करायचा. उंची नाही लिहिली तरी चालेल.

पहिलं नाव माझं लिहा असं मी ग्रामसभेत सांगितलं. त्यावरून वेगळाच वाद उभा राहिला. सांड अरुंद आहे, मोठ्या पुरात पाणी पाळीवरून जाऊ शकतं, म्हणून ती रुंद करायची ठरवली; आता खालचा शेतकरी म्हणतो, रुंद सांडीचं पाणी माझ्या तुरीत येईल. त्याचं म्हणणं रास्त आहे. नाल्यापर्यंत चर माझ्या खर्चाने काढून देतो म्हणालो, तर चर त्याच्या वावरातून जाते आणि तेवढ्या जागेचं काय, हा त्याचा पुढचा प्रश्न. पेरणीच्या आत हे मिटवायचं आहे.