खाऱ्या वाऱ्यातली अक्षरं

दिवसकार्य आटोपलं की लोक आमच्याकडे येतात. हातात वहीचा फाडलेला कागद असतो आणि त्यावर मजकूर नेहमीच जास्त असतो: जन्म, मृत्यू, हुद्दा, ‘प्रेमळ’, ‘मनमिळाऊ’, खाली नातवंडांची नावं. मी अंबरनाथला दगडावर अक्षरं कोरतो. हात बसला तो उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानात. आज निम्म्याहून जास्त काम मशीनचं आहे. कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचा, स्टिकर कापून ग्रॅनाइटवर चिकटवायचा, वाळूचा फवारा मारायचा, सोनेरी रंग भरायचा, की पाटी तयार. याला नावं ठेवणार नाही, घर त्यावर चालतं. पण ताई गेल्यावर तिच्या नावाचा दगड मशीनवर घ्यावासा वाटला नाही. त्याला भावनेइतकंच धंद्यातलं कारण होतं. दगड अक्षीला, समुद्राजवळ बसायचा होता.

ताई बदलापूरला शाळेत शिकवायची. सुट्टी म्हणजे तिच्या लेखी अक्षी. पनवेल, पेण, वडखळ करत एसटीने अलिबाग गाठायचं, तिथून रिक्षा. अलिबागच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवरचं हे गाव. काळसर वाळू, सुरूचं बन आणि थंडीत पाण्याच्या कडेला उतरलेले पक्षी. ती कुरव बघायला जायची. तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियाच्या पठारांवरून येतात आणि इथे येईपर्यंत डोक्यावरचा तो तपकिरी रंगच जातो, डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा राहतो. “अरे, नावावरून ओळखायला गेलास तर फसशील,” असं ती मला दर वेळी सांगायची. मी पक्षी कमी आणि घरांच्या जोत्यांचे दगड जास्त बघायचो. त्यावरून ती चिडायचीही.

किनाऱ्यावर कोणी खासगी दगड बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळू सगळ्यांची असते. ज्यांच्याकडे ती उतरायची त्या काकींनी वाडीत, विहिरीजवळच्या सुपारींत जागा दिली. मग प्रश्न दगडाचा.

संगमरवर बाद. तो मुळात चुन्याचा, आम्लाने झिजणारा. आमच्या अंबरनाथच्या कारखान्यांच्या हवेतही उघड्यावरच्या संगमरवराची झिलई टिकत नाही. शिवाय समुद्राचं मीठ दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, सुकलं की त्याचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभागाची पूड होऊ लागते. तिथला जांभा घरासाठी उत्तम, पण त्याला इतकी भोकं की वेलांटी धरत नाही. पॉलिश केलेला ग्रॅनाइट टिकतो, पण फवाऱ्याने कोरलेलं अक्षर उथळ, सपाट तळाचं असतं. ते वाचता येतं रंगामुळे. खाऱ्या हवेत दोन-चार पावसाळ्यांत रंग गेला की नुसते ओरखडे उरतात. टाकीने दोन्ही बाजूंनी उतार देत कोरलेलं अक्षर रंगावर अवलंबून नसतं, ते सावलीने वाचलं जातं. सुपारीखाली ऊन कमी, म्हणून खोली थोडी वाढवायची. दगड घेतला तो आपला काळा पाषाण, ज्यात अंबरनाथचं शिवमंदिर उभं आहे.

त्या मंदिराच्या उत्तरेच्या दाराला आतल्या बाजूने एक लेख आहे. शके 982, श्रावण शुद्ध नवमी, म्हणजे इ.स. 1060. लहानपणी मंदिरात जायचो ते महाशिवरात्रीच्या जत्रेला. लेखाचं महत्त्व कळलं ते धंद्यात पडल्यावर. कोकणच्या शिलाहारांत छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले. लेख मुम्मुणीच्या काळातला, पण त्यात नाव थोरल्या छित्तराजाचंही येतं. शिलालेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींचं मत असं, की देऊळ छित्तराजाने सुरू केलं आणि धाकट्याने पुरं केलं. तोवर छित्तराजाला जाऊन बरीच वर्षं झालेली होती. राजांच्या हिशेबात यामागे पुण्य असेल, राजकारणही असेल. मला मात्र पूर्ण झालेल्या देवळावर थोरल्याचं नाव राहू देणारा धाकटा भाऊ दिसतो.

आणि अक्षीलाही याच घराण्याचा लेख आहे. केशीदेवाच्या नावाचा. बहुतेक अभ्यासक त्याला अरिकेसरी, म्हणजे या तिघांचा चुलता मानतात. शं. गो. तुळपुळ्यांनी या लेखाचा काळ शके 934, इ.स. 1012 धरला आणि मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून त्याला मान दिला. तारखेबद्दल वाद आहेत, ते विद्वानांनी घालावेत. वर चंद्रसूर्य, खाली ओळी. कोरणाऱ्याने दगड फारसा घासलेला नाही, ओळीही सरळ नाहीत, आणि तरी समुद्राच्या वाऱ्यात शतकानुशतकं तो राहिला. ताई पक्ष्यांकडे जायची तेव्हा मी या दगडापाशी बसायचो.

मजकूर ठरवताना घरात बोलणी झाली. ‘कै.’ लावायचं का, शाळेचं नाव घालायचं का. मला उल्हासनगरच्या दुकानातला एक म्हातारा आठवला. 1949 साली ज्या छावणीचं उल्हासनगर झालं, तिथे लहानपणी आलेला सिंधी माणूस. भावाची पाटी करायला आला होता. नाव, आणि खाली एकच शब्द: कराची. तारीख नको म्हणाला. दोघं भाऊ क्लिफ्टनच्या समुद्रावर खेळत, एवढंच बोलला. ताईच्या दगडावरही आम्ही नाव आणि ‘अक्षी’ इतकंच ठेवलं.

तिच्या घरच्या नावात ‘ळ’ आहे. कोरणाऱ्याची परीक्षा या अक्षरात. दोन्ही गाठींच्या पोटात दगडाचा वाटाण्याएवढा तुकडा शिल्लक ठेवायचा असतो. एक घाव तिरका पडला की तो उडतो आणि मग पूर्ण पृष्ठभाग खाली घेऊन पुन्हा सुरुवात. म्हणून मी गाठी आधी घेतो, मग उभे दंड, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी. शिरोरेघ आधी ओढली तर दंड तिला जोडताना कडा फुटतात. ‘अक्षी’तला ‘क्ष’ही सोपा नाही. या कामात शोक करायला जागा नसते, लक्ष टाकीच्या टोकावर असावं लागतं. ते मला बरंच वाटलं. लोक विचारतात, बहिणीचं नाव कोरताना हात थरथरला नाही का? थरथरता हात घेऊन पाषाणावर बसूच नये.

अक्षीला गेलात तर हिवाळ्यात जा, ओहोटीची वेळ बघून जा, आणि पक्ष्यांच्या थव्यात धावत शिरू नका. शिलालेख जरूर पाहा. त्याला तेल, शेंदूर लावू नका. फोटोत अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ भरू नका, त्याने कडा झिजतात. अंबरनाथच्या लेखालाही हेच लागू. वाचायचंच असेल तर संध्याकाळी जा आणि मोबाइलची बॅटरी समोरून न मारता एका बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. अक्षर आपोआप दिसतं.