आईच्या ओव्या आणि कार्डातली जागा

आमची आई जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा ती ओव्यांतून डोळ्यांपुढे उभी करायची. १९९४ साली माझ्या भावाने जात्याशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून तिच्या ओव्यांच्या दोन कॅसेट भरल्या. एक माझ्याकडे राहिली, एक गावी ताईकडे. २००३ साली आई गेली.

२०११ मध्ये मी नवा मोबाइल घेतला. कामावर जाता-येता लोकलमध्ये वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांची गाणी ऐकायची मला भारी हौस. दुकानात जाऊन म्हटले, "भाऊ, दोन जीबीच्या कार्डात मावतील तेवढी गाणी भर. ही कॅसेटही टाक." त्याने सांगितले तसे केले. कॅसेट आता कशाला हवी, म्हणून मी ती भंगारात दिली.

गाडीच्या खडखडाटात काही जाणवले नाही. पण आईच्या स्मृतिदिनी घरी मोठ्या स्पीकरवर ओव्या लावल्या आणि सगळे गप्प झाले. आई जणू पाण्याखालून बोलत होती. जात्याची घरघर नाही, बांगड्यांची किणकिण नाही.

मुलाने मला समजावले. एमपीथ्रीमध्ये कानाला कमी जाणवणारे आवाज गाळून जागा वाचवतात. सेकंदाला १२८ किलोबिट ठेवले, तर प्रवासात ऐकायला गाणे चांगले लागते. आमच्या ओव्या ३२ वर आवळल्या होत्या. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही. तीच फाइल पुन्हा मोठी केली तरी नुसती जागा खर्ची पडते.

दोष दुकानदाराचा नव्हता, माझ्या हावरेपणाचा होता.

मग ताईकडची कॅसेट आणली. मुलाने टेपरेकॉर्डर वायरने संगणकाला जोडला. तासाभराची कॅसेट वेव्ह फाइलमध्ये सुमारे ६०० एमबी झाली. फ्लॅकमध्ये ती बरीच लहान होते आणि आवाजातले काहीही गळत नाही. ती मूळ प्रत आम्ही दोन ठिकाणी ठेवली. तिच्यावरून मोबाइलसाठी १२८ ची एमपीथ्री काढली, ती साठ एमबीच्या आत बसली. नुसते भाषण किंवा प्रवचन असेल, तर मोनोमध्ये ६४ सुद्धा पुरते.

भगिनींनो, आपल्या आई-आजीचा इतिहास पुस्तकांत फार थोडा आला, तो त्यांच्या गळ्यात होता. तुमच्या ट्रंकेत अशी कॅसेट असेल, तर आधी तिची पूर्ण प्रत करा, मग खिशातली लहान प्रत काढा. आणि कॅसेट मात्र भंगारात देऊ नका. कार्ड बाजारात पुन्हा मिळते. माझ्या आईच्या अर्ध्या ओव्या मला आता कुठेच मिळणार नाहीत.

जयभीम.