खालच्या पट्टीत

रॉबर्ट प्लांट लेड झेपेलिन या रॉक बँडमध्ये आला तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. १९६९ सालच्या पहिल्या अल्बममधला त्याचा आवाज जिमी पेजच्या गिटारशी झुंजतो आणि बऱ्याचदा तिच्याही वर जातो. ख्याल गाणाऱ्याचं वय वाढलं की आपण त्याच्या गाण्यात मुरलेपण शोधतो. रॉक गायकाकडे मात्र साठीतही विशीतलीच किंकाळी मागितली जाते. मला हा त्या गायकांवरचा अन्याय वाटतो, आणि प्लांटनं तो मुकाट सोसला नाही म्हणून तो मला जवळचा वाटतो.

त्याच्या वाट्याला दुःखही कमी आलं नाही. १९७५ साली ऱ्होड्स बेटावर मोटारीचा भीषण अपघात झाला. 'प्रेझेन्स' हा अल्बम तो चाकाच्या खुर्चीत बसून गायला. १९७७ मध्ये तो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना घरी त्याचा पाच वर्षांचा मुलगा गेला. १९८० मध्ये पोरवयापासूनचा मित्र, ड्रमर जॉन बॉनहॅम गेला आणि उरलेल्या तिघांनी बँड थांबवला.

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनला ते एका रात्रीपुरते एकत्र आले. तिकिटांसाठी दोन कोटींच्या घरात मागण्या आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्या रात्री बरीच गाणी मूळ पट्टीपेक्षा खाली गायली गेली, आणि ती शोभली. पुढं जागतिक दौरा व्हावा म्हणून जग मागे लागलं, पण प्लांट बधला नाही. चाहते चिडले. मला तो नकार त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय वाटतो.

कारण त्याच वर्षी त्यानं गायिका ॲलिसन क्राउसबरोबर 'रेझिंग सँड' हा अल्बम केला होता. त्यातलं 'प्लीज रीड द लेटर' लक्षपूर्वक ऐकावं. हेच गाणं पेज आणि प्लांटनं १९९८ मध्ये केलं होतं, तेव्हा ते बरंच जोरकस होतं. इथं लय संथ आहे, व्हायोलिन मागून येतं, आणि प्लांट जवळजवळ बोलल्यासारखा गातो. शब्द संपताना आवाज किंचित खरखरतो, आणि त्या खरखरीला लागूनच क्राउसचा स्वच्छ सूर उभा राहतो. मनाला येईल तशी ओळ फिरवणाऱ्या या माणसाला इथं दुसऱ्याच्या प्रत्येक अक्षराशी अक्षर जुळवावं लागलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर तो ते शिकला. २००९ च्या ग्रॅमीमध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम हाच ठरला.

ही शिकण्याची ओढ मात्र म्हातारपणी सुचलेली नव्हे. १९७२ मध्ये, कीर्तीच्या ऐन भरात, तो आणि पेज मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' नव्यानं ध्वनिमुद्रित केली. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. पुढं तो माराकेशच्या वादकांबरोबर गायला, २००३ मध्ये मालीच्या वाळवंटातल्या महोत्सवात गेला. जिथं गेला तिथं ऐकून घेण्याची तयारी ठेवून गेला, असं त्या गाण्यांवरून जाणवतं.

२०२५ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याचा 'सेव्हिंग ग्रेस' हा अल्बम आला. सूझी डायन त्याच्याबरोबर गाते, आणि कितीतरी जागी मुख्य सूर तिच्याकडे सोपवून प्लांट खालची साथ धरतो.